न्यूयॉर्क किती लांब?

घाटकोपरला आमच्या वस्तीवरून सहारला उतरणारी विमाने इतकी खालून जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते. पण लेक नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेली तेव्हाच मी अंतर विचारले. मुंबईपासून हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. मध्ये न थांबणारे विमान असेल तर 15-16 तास. परतताना पश्चिमेचा उंचावरचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो. 1913 साली बाबासाहेब बोटीने तिथे शिकायला गेले, तेव्हा या प्रवासाला कित्येक आठवडे लागत.

मनात आले, एका दिवसाची तर वाट आहे! पण तिचे वडील गेले तेव्हा रजा, तिकीट, मधला मुक्काम धरून ती तिसऱ्या दिवशी दारात आली. अंत्यविधी होऊन गेला होता. दुखणे तिला कळवायचे नाही, हा त्यांचाच हट्ट होता. पुण्यानुमोदनाला ती माझ्याजवळ बसली, पण वडिलांचे तोंड तिला दिसले नाही.

भगिनींनो, आपली लेकरे परदेशी जातात याचा अभिमान आहेच. पण त्यांच्यापासून घरचे आजारपण लपवू नका. विमान कितीही वेगाचे असो, निरोप उशिरा गेला तर लेकरू उशिराच पोचते.