स्वस्थ चेंडू

निद्रानाशाचेही काही फायदे असतात असे माझे एक वयोवृद्ध स्नेही नेहमी म्हणत. तेव्हा मला ती थट्टा वाटे. परंतु २०२५ च्या एप्रिल महिन्यातील एका पहाटे, घरातील मंडळी गाढ झोपेत असता, मी बाहेरच्या खोलीत टेलिव्हिजनचा आवाज पुरता बंद करून एकटाच बसलो होतो, आणि अमेरिकेतील ऑगस्टा येथे चाललेला गोल्फचा सामना पाहत होतो. पाणी प्यायला उठलेल्या आमच्या मंडळींनी दारातूनच विचारले, “अहो, आवाज बंद करूनच सामना पाहायचा, तर मग झोपतच का नाही?” प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर दिले नाही.

गोल्फशी माझा संबंध विचाराल तर तो जवळजवळ शून्य. साहेबाने हा खेळ आपल्याकडे फार लवकर आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, मुंबईचा १८४२ सालचा. पण खेळ कुंपणाच्या आत राहिला आणि मी बाहेर. विटीदांडूच्या पलीकडे काठीने काही मारण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात आला नाही. त्या पहाटे मला जागे ठेवले ते खेळाने नव्हे, खेळणाऱ्याच्या चेहऱ्याने.

तो रोरी मॅकिलरॉय होता, उत्तर आयर्लंडचा. चौदा वर्षांपूर्वी याच मैदानावर, एकविशीतला हा पोरगा शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला होता आणि ऐंशी फटके घेऊन, पार धुळीला मिळून परतला होता. पुढे दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा आठ फटक्यांनी जिंकली. गोल्फच्या चार महास्पर्धांपैकी तीन २०१४ पर्यंत त्याच्या पदरात पडल्या. चौथी, म्हणजे ही ऑगस्टाची, मात्र वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. आता अखेरच्या खळीपासून त्याचा चेंडू जेमतेम पाच फुटांवर होता. तो आत ढकलला की सारे संपले. त्याने ढकलला, आणि चुकला. पुढे जादा खळीवर त्याने जस्टिन रोझला हरवले, गुडघ्यांवर कोसळून तो लहान मुलासारखा रडला, हे खरे. पण माझ्या डोळ्यांपुढून तो चुकलेला टोला अजून हलत नाही. त्याला कारण आहे. माझाही एक पाच फुटांचा टोला नुकताच चुकला होता.

मी इंग्रजी वाङ्मय शिकवतो. ‘हॅम्लेट’ हे नाटक मी सव्वीस वर्षे शिकवीत आलो आहे. प्रार्थनेला बसलेल्या चुलत्याला ठार करण्याची संधी हॅम्लेट का दवडतो, हे सांगताना माझे एक ठराविक वाक्य आहे. ते लांबलचक आहे, थोडे नाटकी आहे, आणि त्याचा मला गुप्त अभिमान आहे. मागच्या सत्रात एके दिवशी ते वाक्य अर्ध्यावर आले आणि एकाएकी मला माझाच आवाज ऐकू आला. हे बोलणारा गृहस्थ कोण, असा विचार मनात आला मात्र, आणि पुढचे शब्द गेले. हॅम्लेटची तलवार जेथे अडते तेथेच माझी जीभ अडावी, हा योगायोग मुलांच्या ध्यानात आला असता तर निदान हशा तरी पिकला असता. तसे झाले नाही. ती नुसती वाट पाहत राहिली. मी खोकलो, पाणी मागितले, तास संपवला. दुसऱ्या दिवशी मी वाक्य कागदावर लिहून नेले. तिसऱ्या दिवशी घरी चार वेळा म्हणून पाहिले. परिणाम असा झाला की ज्या वाक्याला मी कधी भ्यालो नव्हतो, ते आता दोन पानांच्या अंतरावरून येताना दिसू लागले.

त्या पहाटेनंतर मी या खेळाविषयी मिळेल ते वाचू लागलो. गोल्फमध्ये चेंडू स्वस्थ असतो, ही त्याची खरी मेख आहे. क्रिकेटात चेंडू अंगावर येतो, मनुष्य विचार करण्याच्या आत बॅट फिरवतो आणि बाद झाला तर देवाला दोष देतो. येथे चेंडू गवतावर पडून असतो. तो कधीही मारावा, त्याला घाई नाही. अठरा खळ्यांचा एक डाव पुरा व्हायला चारपाच तास लागतात. एका फटक्याला दोन सेकंद धरले, तरी सत्तर फटक्यांना अडीच मिनिटेही होत नाहीत. उरलेला सगळा वेळ मनुष्य चालत असतो, उभा असतो आणि आपल्या मनाच्या तावडीत असतो. हात जे काम आपोआप करीत होता त्यात मन हळूच डोके घालते, आणि मग तबलजीने बोट कोठे पडते हे पाहत पाहत ठेका धरावा तशी अवस्था होते.

या व्याधीला गोल्फवाल्यांनी ‘यिप्स’ असे चमत्कारिक नाव दिले आहे. टॉमी आर्मर या जुन्या स्कॉटिश खेळाडूने तो शब्द रूढ केला असे म्हणतात. वीतभर अंतरावरची खळी, आणि मनगट आयत्या वेळी आचका देते. जर्मनीचा बर्नहार्ड लांगर हा ऑगस्टाची स्पर्धा १९८५ आणि १९९३ साली जिंकणारा मोठा खेळाडू, पण या आचक्याने त्याला एकदा नव्हे, अनेकदा गाठले. काठी धरण्याच्या नाना तऱ्हा करून तो दर वेळी त्यातून निसटला. १९९१ च्या रायडर चषकात, युरोपची सारी भिस्त त्याच्या शेवटच्या सहा फुटी टोल्यावर असताना तो चुकला. पुढच्याच आठवड्यात त्याने जर्मनीतली स्पर्धा जिंकली. असल्या माणसाचा हेवा करावा की त्याच्यापुढे हात जोडावेत हे मला ठरवता आलेले नाही.

पण मला जवळचा वाटला तो इयन बेकर-फिंच. हा ऑस्ट्रेलियन १९९१ साली ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकला. त्यानंतर त्याला वाटू लागले की आपला चेंडू थोडा आणखी लांब जायला हवा. तेवढ्यासाठी त्याने आपली फटक्याची पद्धत बदलावयास घेतली, आणि तेथून ओहोटी लागली. १९९५ साली सेंट अँड्र्यूजच्या पहिल्याच फटक्याला त्याने चेंडू डावीकडे हद्दीबाहेर घालवला. तेथे पहिल्या आणि अठराव्या खळीचे पट्टे एकमेकांना लागून आहेत. एवढे रुंद रान चुकवणे हेच मुळी कठीण. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत अमेरिकन दौऱ्यावरील ज्या २९ स्पर्धांत तो उतरला, त्यांपैकी एकीतही तो शेवटच्या दिवसापर्यंत टिकला नाही. विलक्षण गोष्ट ही, की सरावाच्या मैदानावर त्याचे फटके निर्दोष पडत. स्पर्धेचा पहिला चेंडू ठेवला की मात्र हातातली विद्या निघून जाई. १९९७ साली ट्रून येथे मनाविरुद्ध, लोकांच्या आग्रहाखातर तो एकदा उतरला, ९२ फटके घेऊन परतला, खोलीत जाऊन रडला, आणि नियमित स्पर्धांतून त्याने अंग काढून घेतले.

मेहनत कमी पडली असे कोणी म्हणेल. बेकर-फिंचने मेहनतीत कसूर केली नाही. उलट मला वाटते, त्याच्या रोगाचे आणि त्याने घेतलेल्या औषधाचे नाव एकच होते. पण हे विधान मी करतो न करतो तोच बेन होगन समोर उभा राहतो. टेक्सासमधला हा गरीब पोर, गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहून वाढलेला. त्याचा चेंडू डावीकडे वळे, आणि त्या एका खोडीने त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. पैसे संपून तो परत घरी आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. १९४० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा मिळाली. हे सारे त्याने रात्रंदिवस सराव करून साधले. तेव्हा सरावाने एक तरतो आणि दुसरा बुडतो, याचा उलगडा काय? मला सुचतो तो एवढाच, की होगनची चूक हातात होती, आणि हात शिकवला तर शिकतो. बेकर-फिंचचा हात शिकलेलाच होता. हे मी अधिकाराने बोलत नाही. चार वेळा घोकलेले वाक्य विसरलेला मनुष्य म्हणून बोलतो.

होगनच्या कथेत पुढे जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. १९४८ साली त्याने दहा स्पर्धा जिंकल्या. २ फेब्रुवारी १९४९ रोजी धुक्यात समोरून येणारी बस त्याच्या मोटारीवर आदळली. बायकोला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर आडवा झाला, आणि त्यामुळेच स्वतः वाचला. मागे त्याच्या बैठकीत सुकाणूचा दांडा घुसला होता. तो चालेल की नाही याची शंका होती. सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून, तो मेरियन येथे अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत उतरला, शेवटच्या दिवशी छत्तीस खळ्या चालला, दुसऱ्या दिवशी आणखी अठरा, आणि जिंकला. त्यानंतर पायांनी त्याला वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धांची परवानगी दिली. १९५३ साली तो फक्त सहा स्पर्धा खेळला, त्यांपैकी पाच जिंकला. त्यांत तीन महास्पर्धा. चौथीच्या तारखा ब्रिटिश स्पर्धेच्या तारखांशी भिडल्यामुळे ती त्याला खेळताच आली नाही. गर्दीचे वेळापत्रक हे दुखणे आजचे नाही ते असे.

त्याच १९१२ साली जन्मलेला आणि त्याच मैदानावर काठ्या वाहणारा दुसरा पोरगा बायरन नेल्सन. १९२७ साली काठ्या वाहणाऱ्या मुलांच्या स्पर्धेत त्याने होगनला हरवले होते. १९४५ साली नेल्सन लागोपाठ अकरा स्पर्धा जिंकला, वर्षभरात अठरा. युद्धामुळे प्रतिस्पर्धी कमी होते असे म्हणून नाके मुरडणारे आहेत. पण त्या वर्षीची त्याची सरासरी ६८.३३ फटके होती, आणि मैदानाला काही युद्धाची वार्ता नसते. एवढ्या वैभवात पोटाने त्याला सुख दिले नाही. मोठ्या सामन्यापूर्वी त्याला मळमळे. त्याला हवे होते एक गुरांचे कुरण. जिंकलेली प्रत्येक रक्कम त्याच्या लेखी त्या जमिनीचा एक तुकडा होती. जमीन झाली, आणि १९४६ साली, चौतिसाव्या वर्षी, त्याने नेहमीचा दौरा सोडला. बॉबी जोन्स त्याच्याही आधीचा. तो तर पैशासाठी खेळलाच नाही. एकेका स्पर्धेत त्याचे वजन कित्येक पौंडांनी उतरे. १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी तो वकिलीकडे वळला.

जोन्सला वकिली होती, नेल्सनला कुरण होते. दर गुरुवारी नव्या गावी पहिला चेंडू ठेवणाऱ्या, नावाने शंभराव्या जागेवर असलेल्या खेळाडूने कोठे जावे? दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू गळतात आणि गळालेल्यांना बक्षिसातला वाटा मिळत नाही. प्रवास, मुक्काम, काठ्या वाहणाऱ्याची मजुरी हे मात्र चुकत नाही. २०१३ ते २०२३ या काळात अमेरिकन दौऱ्याचा हंगाम आदल्या वर्षाच्या शरदातच सुरू होई, म्हणजे एक संपतो न संपतो तोच दुसरा. २०२४ पासून तो पुन्हा जानेवारीत आला, पण २०२६ पासून पूर्ण हक्काच्या जागा १२५ वरून १०० झाल्या. अशा वेळी खालच्या पायरीवरचा मनुष्य फॉर्म गेला म्हणून थांबत नाही. फॉर्म गेला म्हणूनच तो आणखी एक स्पर्धा खेळतो. खुद्द मॅकिलरॉयने २०२३ साली ऑगस्टा येथे दोन दिवसांत गळाल्यावर पुढच्या आठवड्याची मोठी स्पर्धा गाळली. मनाला विसावा हवा होता. अशी एकच स्पर्धा गाळण्याची मुभा होती आणि ती त्याने आधीच वापरली होती, म्हणून त्याला तीस लक्ष डॉलरांच्या बक्षिसावर पाणी सोडावे लागले. विसाव्याची एवढी किंमत मोजणे त्याला परवडले. म्हणूनच या विषयावरील उपदेशपर लेख वाचताना मला थोडा राग येतो. ते सारे ज्यांना थांबता येते त्यांच्यासाठी लिहिलेले असतात.

माझी गोष्ट त्या मानाने फारच किरकोळ. मला कोणी गाळत नाही, वेतन पहिल्या तारखेला जमा होते. तरी पुढच्या सत्राचे वेळापत्रक हाती आले तेव्हा मी आठवड्याचे तास मोजले. ते बरोबर अठरा भरले. दोन सहकारी रजेवर आहेत, त्यांचे तास त्यात आले आहेत. मी एका सत्राच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावे हे सुचेना. “एक वाक्य विसरलो” असे लिहिले तर प्राचार्य काय म्हणतील? शेवटी “प्रकृतीच्या कारणास्तव” असे लिहिले, आणि ते खोटे आहे की खरे याचा निर्णय होईपर्यंत अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. तो रजेवरून आल्यावर ‘हॅम्लेट’ मला पुन्हा शिकवता येईल की नाही, हाही एक प्रश्न आहे. बेकर-फिंचने पुढे अनेक वर्षे टेलिव्हिजनवर इतरांच्या फटक्यांचे समालोचन केले, आणि ते उत्तम केले असे सांगतात. माझ्याजवळ कुरण नाही, वकिलीही नाही.

काल रात्री चहाचा कप पुढे ठेवताना आमच्या मंडळींनी विचारले, “अर्ज दिलात का?”

“उद्या देतो,” मी म्हटले.

“परवाही हेच म्हणाला होता.”

मग आम्ही दोघेही थोडा वेळ बोललो नाही.