अभ्रकाची चकती

घरचा जुना संगणक बडतर्फ झाला तेव्हा भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी त्याच्या पोटातील वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात, ती मी सोडवून घेतली. कारण मेजावर सर्किटे तपासताना दरवेळी नवे सेल आणण्यापेक्षा हवा तितका दाब देणारा पुरवठा घरीच सिद्ध करावा, अशी मनीषा फार दिवसांची होती.

पेटी उघडण्याचा मोह मी आवरला, वाचकांनीही आवरावा. आतील कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टांचा संचय असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ दबा धरून बसतो. बाहेरच्या तारांवरच काम भागते. पिवळी तार १२ व्होल्टांची, तांबडी ५ची, काळी शून्याची. आणि हिरवी काळीला जोडल्याखेरीज पंखा हलतसुद्धा नाही, साहेबाच्या हुकमावाचून जागचा न हलणाऱ्या शिपायासारखा! तो हुकूम मी एका बटणाच्या हवाली केला, आणि जुन्या पेट्यांना थोडा भार सतत लागतो म्हणून तांबड्या-काळ्या तारांत १० ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर बसवला.

दाब हवा तितका उतरवायला पिवळ्या तारेवर एलएम ३१७ हा तीन पायांचा आयसी आणि ५ किलोओहमची घुंडी. बारातून पाच व्होल्ट काढून एक अँपियर घ्यायचा तर सात वॉटांची उष्णता आयसीलाच सोसावी लागते, म्हणून त्याची पाठ मी पत्र्याच्या डब्याला स्क्रूने आवळली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झालो.

बटण दाबले, तर मीटर शून्यावरच. घुंडी फिरवली, सगळे डाख पुन्हा दिले, आयसीला बोट लावून पोळून घेतले, आणि अखेर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या ज्या दुकानदाराकडून आयसी आणला, त्याने नकली माल गळ्यात मारला, असा एकतर्फी निकाल देऊन झोपलो. सकाळी उलगडा झाला: या आयसीची धातूची पाठ आतून त्याच्या आउटपुटच्या पायालाच जोडलेली असते, आणि काळी तार मी त्याच डब्याला बांधली होती. अंगभूत संरक्षणामुळेच आयसी रात्रभराच्या जाचातून वाचला.

पाठ डब्यापासून विजेपुरती अलग ठेवणारी अभ्रकाची चकती आणि स्क्रूसाठी प्लास्टिकचे बुश त्याच दुकानदाराने दिले. कालच्या निकालाची वार्ता मी त्याच्या कानी घातली नाही. आता घुंडी सव्वा व्होल्टापासून दहापर्यंत जाते. बारापर्यंत ती जात नाही. वरचे दोनेक व्होल्ट आयसी आपली दस्तुरी म्हणून ठेवून घेतो.