मात्रा

'मात्रा' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. सहाणेवर उगाळली की ती औषध होते आणि लागू पडली की द्वाड मुलालाही वठणीवर आणते. पण मात्रा म्हणजे मुळात माप, आणि ते माप माणसागणिक वेगळे असते, हे मला मावशीच्या आजारात कळले.

मावशी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची. मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस. तशात कमरेवर नागीण उठली. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "तोंड नि शेपूट मिळू देऊ नका हो, माणूस राहत नाही." जवळच्या एका दवाखान्यातून गोळ्या आल्या: असायक्लोविर, 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा. डायलिसिसचे तिथे कुणी विचारलेच नाही. दोन दिवसांत मावशीचे बोलणे अडखळू लागले, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "लेकरा, मी तर कवाच मेले की रे. दिवा का नाही लावला?"

नागीण मस्तकात चढली, असे घरात ठरले. कुणी औंढ्या नागनाथाला अभिषेक बोलले.

नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र आधी गोळ्यांचे पाकीट मागितले. औषध वाईट नव्हे. ज्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्याच प्रयोगशाळेतले ते. पण ते बाहेर पडते मुख्यतः लघवीवाटे. निरोगी शरीरात सुमारे 3 तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे बंद असली तर त्यालाच सुमारे 20 तास लागतात. अशा माणसाला दिवसाला फार तर 2 गोळ्या पुरतात. वरच्या साऱ्या रक्तात साठतात आणि मेंदूला छळतात.

गोळ्या थांबल्या, लागोपाठ दोन डायलिसिस झाले आणि मावशी चहा मागू लागली. "मी मेले म्हणाले? काहीतरीच तुझे!"

शिरांच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन, उचकीवर देतात ते बॅक्लोफेन, सेफेपिम नावाचे इंजेक्शन, यांचीही तऱ्हा अशीच. म्हणून डॉक्टर नवा असो की औषधांचा दुकानदार, पहिले वाक्य हेच सांगावे: मूत्रपिंडे अधू आहेत. आणि अशा रोग्याला भ्रम झाला, तर त्याला बाधा किंवा म्हातारचळ न म्हणता त्याच दिवशी, पाकिटांसह, डॉक्टरांकडे न्यावे.

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीला ओवाळतो. त्याच्या हाती अमृत आहे खरे. पण तेसुद्धा कलशात, मापातच.