दहा हजारांची गाडी

मुलांनो, पाचवीला नफा-तोटा शिकवताना मी नेहमी आंब्यांचं नाहीतर शेळीचं उदाहरण घेतो. गेल्या वर्षी मात्र एक उदाहरण मलाच सोडवायला आलं, आणि त्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नव्हतं.

मला यामाहाची आर.एक्स. 100 घ्यायची होती. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली नसेल, पण ऐकली नक्की असेल. ही गाडी दिसण्याआधी ऐकू येते! भारतात ती 1985 साली आली आणि 1996 मध्ये बंद झाली. टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुराला प्रदूषणाचे नवे नियम आडवे आले. इंजिन अवघं 98 सीसीचं, पण ताकद 11 अश्वशक्तीची. त्या वेळच्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-साडेसातच्या आसपास असायच्या. त्यात ही वजनाला हलकी. त्यामुळे शर्यतीवाल्यांची तर ती लाडकीच. स्पोर्ट्स कार कुणाला परवडणार? आमच्याकडे हीच स्पोर्ट्स कार! मामा मला टाकीवर बसवून न्यायचा, तेव्हापासून ती माझ्या डोक्यात होती.

आता नवी मिळत नाही, म्हणजे जुनीच घ्यायची. आणि जुन्या गाडीवर किंमत छापलेली नसते.

आधी शहरातल्या एका दुकानात गेलो. बरोबर आमच्या गावचे मिस्त्री होते. गाडी लाल, चकचकीत. किंमत 85 हजार. पहिल्याच किकला सुरू झाली. मी खूश! मिस्त्रींनी मात्र इंजिनाला आधीच हात लावून पाहिला होता. "गरम आहे. आपण येण्याआधी चालवून ठेवलीय," ते कानात म्हणाले. थंड गाडी कशी सुरू होते, ते आम्हांला दिसू नये म्हणून. मग त्यांनी बादलीभर पाणी मागितलं, फरशीवर ओतलं आणि गाडी त्यातून सरळ ढकलत नेली. पुढच्या आणि मागच्या चाकाची ओली रेघ एकावर एक पडायला हवी. इथं दोन वेगळ्या रेघा! म्हणजे कधीतरी जोरात आपटून चासी वाकलेली. वर रंग काय, कुणीही मारतं. (तुमच्या सायकलीवर करून बघा. मी माझ्या सायकलीवर केलं, आणि पस्तावलो.)

दुसरी गाडी रहिमतपूरजवळच्या एका गावात होती. गोठ्यात, पोत्याखाली. 1994 ची. घरात एकट्या काकू. काका जाऊन चार वर्षं झाली होती. मीटरवर 38 हजार. मिस्त्री म्हणाले, "पाच आकडी मीटर आहे. 99,999 नंतर पुन्हा शून्य. हे कुठल्या फेरीतले 38 हजार, कोण सांगणार?" पण पाण्यातली रेघ एकच आली. प्लगचं टोक खारी बिस्किटासारखं तपकिरी, म्हणजे इंजिन नीट जळत होतं. काकूंना विचारून त्यांनी हेडसुद्धा खोललं. इंजिनाचा सिलिंडर झिजला की आतून कापून मोठा करतात, त्याला बोअर करणं म्हणतात. मग मोठा पिस्टन बसवतात आणि त्याच्या डोक्यावर आकडा असतो. असं फार वेळा करता येत नाही. या पिस्टनवर आकडाच नव्हता. मिस्त्रींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"काय द्यायचं काकू?" मी विचारलं.

"भंगारवाला आठ हजार म्हणतोय. तुम्ही मास्तर आहात, दहा द्या."

माझ्या खिशात 32 हजार होते. हात खिशापर्यंत गेलासुद्धा, खोटं कशाला सांगू? मग "चार दिवसांनी येतो" म्हणून उठलो.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तिनं मागितले, तू दिलेस. त्यात फसवणूक कुठं आली?" मलाही ते पटत होतं, फक्त रात्री पटत नव्हतं. त्या लाल गाडीवाल्याला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी चिडलो होतो. आता मला जे ठाऊक होतं, ते काकूंना ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी गेलो आणि त्यांच्यासमोर वहीच्या पानावर हिशेब मांडला. नीट केलेली, कागद पूर्ण असलेली गाडी आमच्या भागात तेव्हा 90 हजारांना जात होती. त्यातून इंजिनाचं काम 14 हजार. टायर, चेन, ब्रेक 8. वायरिंग आणि रंग 12. नोंदणीची मुदत संपली होती, शिवाय गाडी आधी वारस म्हणून काकूंच्या नावावर आणि मग माझ्या नावावर करायची, वर जुन्या गाडीचा पर्यावरण कर, असे कागदांचे 6. राहिले 50. मधे काही अवचित निघालं तर, म्हणून आणखी 5 वजा. 45 हजार.

काकूंनी पान दोनदा वाचलं. "आणि ही तुमची 5 हजारांची भीती माझ्या पैशांतून का म्हणून?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर सुचेना. शेवटी 48 वर तुटलं. 32 रोख आणि बाकीचे 16 हजार, महिन्याला एक हजार.

इंजिनाच्या कामाला 14 च्या जागी साडेसतरा हजार लागले. भाऊ अजून मला वेडा म्हणतो.

अकरा हप्ते झालेत. मी वळणावर असतानाच काकू दार उघडून उभ्या असतात, आवाज ओळखून. गेल्या महिन्यात गाडी मिस्त्रींकडे होती, म्हणून एस.टी.नं गेलो. कडी दोनदा वाजवावी लागली. मी हजार रुपये पुढं केले, तर ते तसेच माझ्या हातात ठेवून त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "गाडी कुठाय?"