मूव्ह ऑन... पण कुठे?

'मूव्ह ऑन' हल्ली आपल्याकडे इतकं रुळलंय, की त्याला मराठी शब्द शोधावा असंही कुणाला वाटत नाही. प्रेमभंग झाला, मूव्ह ऑन. नोकरी गेली, मूव्ह ऑन. घरातलं माणूस गेलं, तरी काही महिन्यांनी कुणीतरी हेच म्हणतं.

माझ्या मावशीचे यजमान जाऊन दीड वर्ष होईल. काकांच्या चपला अजून स्टँडवर आहेत. मावशी केर काढताना त्या उचलते, पुसते, परत ठेवते. परवा मावसबहीण म्हणाली, "आई, आता मूव्ह ऑन कर गं." मावशीने शांतपणे विचारलं, "कुठे जाऊ?"

मला एकदम डिकन्सची 'ब्लीक हाऊस' (१८५२-५३) आठवली. तिच्यात 'जो' नावाचा एक पोरका मुलगा आहे, लंडनचा रस्ता झाडून चार पैसे मिळवणारा. पोलीस त्याला कुठे उभंच राहू देत नाही. सारखं आपलं 'मूव्ह ऑन'! कुठे जाऊ, या प्रश्नाचं उत्तर मात्र पोलिसाकडे नाही, ते त्याच्या कामात बसत नाही. त्या प्रकरणाचं नावच 'मूव्हिंग ऑन'. म्हणजे आपण आज ज्या शब्दांनी सांत्वन करतो, तो तेव्हा पोलिसाचा हुकूम होता. आणि खरं सांगायचं तर थोडासा हुकूम त्यात अजूनही उरलाय. दुसऱ्याचं दुःख आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण त्यालाच हलायला सांगतो.

आपल्या एसटीतही असाच हुकूम सुटतो. "पुढे चला, पुढे जागा आहे!" पण कंडक्टर कुणाला गाडीतून उतरायला सांगत नसतो. गाडी तीच, सामान तेच, सोबतची माणसं तीच. फक्त दोन पावलं सरकायचं. शिवाय जागा कुठे आहे, हेही तो सांगतो.

या अर्थाने मावशी कधीच पुढे सरकलीय. काका असताना बँकेची पायरी न चढलेली ती आता स्वतः जाऊन पासबुक भरून आणते. संध्याकाळी शेजारच्या मुलीला गणित शिकवते. चपला राहिल्या स्टँडवर, तर राहू देत की!

कुणाला 'मूव्ह ऑन' म्हणावंसं वाटलं, तर पुढे जागा कुठे आहे तेही सांगावं. आणि आपल्यालाच ठाऊक नसेल, तर थोडा वेळ त्याच्या शेजारी उभं राहावं. तुम्हाला काय वाटतं?