गाळणीतली काळी खडी

बागेतल्या तळ्याचं पाणी तळापर्यंत नितळ दिसलं की ते स्वच्छ, अशी माझी अनेक वर्षं खात्री होती. म्हणून गाळणीचं सामान मी ‘जितकं बारीक तितकं बरं’ या हिशेबाने निवडायचे. गादीचा दाट फोम, त्यावर कापसाचा थर, खाली बारीक वाळू. खडी म्हणजे नुसता भराव. आणि शहरातल्या दुकानातून पाकिटात आलेली वस्तू इथल्या दगडापेक्षा केव्हाही सुरक्षित, हेही मनात पक्कं होतं. यातलं एकही मत आता माझं राहिलेलं नाही.

पहिलं मत डळमळलं ते माशांच्या कल्ल्यांमुळे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि सडलेली कमळाची पानं त्यात भर घालतात. हा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि कितीही दाट फोममधून तसाच पार होतो. त्याला संपवतात ते जिवाणू. नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते कमळाला खत म्हणून चालतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. आमच्या तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठच्या दगडांवर पाय घसरतो तो ज्या बुळबुळीत थरावरून, तसाच थर गाळणीतल्या खडीवर धरतो. मी ज्याला घाण समजून घासत होते, काम तोच करत होता.

माणसांच्या पाण्याच्या इतिहासातही हे घडून गेलं आहे. 1892 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. शेजारचं अल्टोना त्याच एल्बे नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे अधिक घाण पाणी पीत होतं. तरी ते बऱ्याच अंशी वाचलं, कारण तिथे पाणी वाळूच्या थरांतून सावकाश झिरपून येत होतं. त्या वाळूच्या माथ्यावरचा सजीव थर या कामात मोठा वाटेकरी असतो.

हे मनात उतरल्यावर माझी नजर पायाखाली गेली. तोरणमाळचा डोंगर म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. दख्खनच्या पठाराबरोबर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेले. त्यातल्या काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून दगडाला भोकं पडलेली असतात आणि भोकांमुळे जिवाणूंना जागा जास्त मिळते. दुकानात ‘लाव्हा रॉक’ म्हणून मिळतो तोही लाव्हाचाच दगड. आता मी क्रशरची काळी खडी आणते. जंगलातला किंवा तलावाकाठचा दगड उचलायचा नाही, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे. खडीची चुरी पाणी निवळ येईपर्यंत धुवायची, कारण ती खाली बसून वाट बुजवते. खडीचा आकार निम्मा केला की तेवढ्याच जागेत पृष्ठभाग दुप्पट होतो. पण फार बारीक केली तर ती लवकर तुंबते, म्हणून मी मधली निवडते. फुटकी कौलंही उत्तम. नीट भाजलेली माती पाण्यात काही सोडत नाही, आणि जुनं घर उतरवलं की ती मिळतातच.

सगळ्यात खोल बदल मात्र ‘सुरक्षित’ कशाला म्हणायचं याबद्दल झाला. जे माणसाच्या पाण्याला चालतं ते माशाला चालणारच, हे इतकं उघड वाटत होतं की मी कधी तपासलंच नव्हतं. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस 10500, लिटरमागे 5 मिलिग्रॅम जस्त चालवून घेतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यातल्या जलचरांसाठी मध्यम कठीण पाण्यात सुचवलेली मर्यादा आहे सुमारे 0.12 मिलिग्रॅम. चाळीस पटींचा फरक! जी जस्ताची जाळी मी खडीखाली बिनदिक्कत अंथरली असती, तिच्याकडे मी आता वेगळ्याच नजरेने बघते. तांब्याचंही तसंच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण आरोग्याचं मानतो, पण गोगलगायी आणि मासे यांना तांब्याचा अंशही जड जातो. त्यातून आमचं तळं भरतं पावसाच्या पाण्याने. ते मऊ असतं, त्यात कॅल्शियम नगण्य, आणि मऊ पाण्यात धातूंचं विष माशाला अधिक लागतं. पन्हळीतून पत्र्यावरचं पाणी थेट तळ्यात सोडणं म्हणजे जस्ताची वाट मोकळी करणं. जाळी हवीच असेल तर नायलॉनची घ्यावी. पितळी नळ आणि तांब्याची तार गाळणीपासून लांब ठेवावी.

चुन्याची गोष्ट इतकी सरळ नाही. संगमरवराचे तुकडे किंवा ताज्या सिमेंटची कुंडी पाण्याचा सामू वाढवते आणि सामू वाढला की अमोनियाचं विषारी रूप झपाट्याने वाढतं. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 असेल तर पाच टक्के, आणि 9 असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणून नवी सिमेंटची टाकी कित्येक आठवडे पाणी बदलत मुरवावी लागते. पण जिवाणूंचं कामही पाण्यातला थोडा क्षार खातं, आणि मऊ पाण्यात तो आधीच कमी. त्यामुळे मूठभर शिंपले घालायला माझी हरकत नसते. काळ्या खडीत पांढरे ठिपके दिसले तर त्यावर लिंबू पिळून पाहावं. फसफसलं तर तो चुन्याचा अंश. गाळणीभर असा दगड असेल तर तो बाजूला ठेवावा.

फोम मी पूर्ण सोडलेला नाही, पण गादीचा नको. त्यात आग किंवा बुरशी रोखणारी रसायनं असू शकतात आणि बुरशी मारणारं द्रव्य आपल्या जिवाणूंना सोडेल असं धरून चालता येत नाही. भांडी घासायच्या घासणीचंही तेच. मत्स्यालयासाठी विकला जाणारा फोम घ्यावा. आणि जुन्या पिंपाबद्दल तर मी आग्रहाने सांगेन: पिंपाच्या बुडाशी त्रिकोणात 2 हा आकडा दिसला म्हणून ते निर्धोक होत नाही. तो आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, त्यात आधी काय भरलं होतं ते सांगत नाही. खाली शहादा, नंदुरबारकडे कापूस आणि मिरचीच्या फवारणीला वापरली जाणारी काही औषधं माशांसाठी अतिशय जहाल असतात. पूर्वी खाद्यपदार्थ भरलेलं असल्याची खात्री असेल तरच पिंप घ्यावं.

गाळणीत वापरात असलेली खडी टीसीएल पावडर घातलेल्या नळाच्या पाण्याने धुतली तर क्लोरीनने तिच्यावरचा सजीव थर मरू शकतो. तळ्यातल्याच पाण्यात ती हलकेच खळबळून घ्यावी. तुरटीने पाणी निवळतं, अमोनिया तिथेच राहतो.

आणखी एक गोष्ट इथल्या उंचीची. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास हवेचा दाब कमी, म्हणून तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात प्राणवायू समुद्रकाठापेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने कमी मावतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो. वीज जाऊन पंप थांबला की पाण्यात बुडालेल्या गाळणीत हे जिवाणू गुदमरायला लागतात. म्हणून मी आता बंद पिंपापेक्षा वरून पाणी ठिबकत खाली येणारी उघडी गाळणी पसंत करते. वीज गेली तरी ओल्या खडीला हवा लागत राहते.

पावसाळ्यात तळं जिथून ओसंडतं त्या तोंडावर बारीक नायलॉनची जाळी घट्ट बांधलेली असावी. कारण तळ्यातले गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. डास कमी करायला घरच्या तळ्यात ते उपयोगी पडतात, पण नाल्यात किंवा यशवंत तलावात त्यांना वाट मिळता कामा नये.