पेन्सिलीची रेघ

जुना स्पीकर उघडण्याआधी मी त्याचा वास घेतो. सेमाडोहच्या त्या जोडीला ओल्या पोत्याचा वास येत होता.

परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. तिथे आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. त्यांच्या थोरल्या भावाने १९७५ साली अमेरिकेहून परतताना ‘अकूस्टिक रिसर्च’ची एआर-थ्री-ए ही जोडी आणली होती. एकेक डबा जवळजवळ चोवीस किलोचा. भाऊ गेले, जोडी गुरुजींकडे आली आणि मेळघाटचे वीस-बावीस पावसाळे तिने अंगावर काढले.

“बोलते भाऊ, पण फाटकं बोलते,” गुरुजी म्हणाले.

पुढचं कापड काढलं. वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, कडेच्या फोमला बोट लागताच तो चिकट भुग्यासारखा हाती आला. हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतली वाफ त्याच्या रेणूंचे सांधे हळूहळू सोडवते. कोरड्या घरातही पंधरा-वीस वर्षांत हे होतंच, ओलसर जंगलात त्याहून लवकर. स्पीकर कापडाखाली झाकून ठेवला, वर्षभर वाजवला नाही, तरी होतं. पुष्कळ घरांत पोरांना उगीच बोलणी बसतात, की तुम्हीच आवाज मोठा केला म्हणून फाटला. ढोलाचं कातडं ओलं झालं तर शेकोटीजवळ धरता येतं, फोमचं तसं नाही.

ही कड कुठल्याही मापाची चालत नाही, आणि त्याचं कारण या स्पीकरच्या जन्मातच आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-वन काढला, तोवर खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढा डबा लागे. वूफरचा कोन जागेवर परत आणायचं काम त्याच्या ताठ कडेचं असे. विल्चर यांनी कड आणि कोनाला मागून धरणारी कापडी चकती, म्हणजे स्पायडर, दोन्ही अगदी सैल ठेवले, डबा हवाबंद केला आणि कोन सावरायचं काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग तारेच्या-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा सरळ वागते, खर्जात खरखर कमी होते. १९६७ साली आलेल्या थ्री-ए चा बारा इंची वूफर मोकळा धरला तर सेकंदाला सुमारे १८ कंपनांवर डोलतो, डब्यात बसवल्यावर चाळिसाच्या थोडं वर. आता या वूफरला कारच्या स्पीकरची जाड रबरी कड लावली, तर तो वाजेल, घरच्यांना दुरुस्त झाल्यासारखाही वाटेल, पण खालचा खर्ज कायमचा गेला. अशा जोड्या माझ्याकडे येतात. रबर सोलून काढताना जुन्या कोनाचा कागदही त्याच्याबरोबर सुटतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

परतवाड्याला माझ्याकडे जोडी उतरवली तेव्हा शेजारचे मिस्त्री डब्यावरून हात फिरवत म्हणाले, “कायले हा फुगलेला डबा ठेवता? सागाचा नवा करून देतो.” परतवाडा म्हणजे सागाचा बाजार. कोरकू भाषेत सिपना म्हणजेच साग. मोह होण्यासारखंच होतं. पण हा डबा अक्रोडाच्या पापुद्र्याचा, आतली जागा सुमारे दीड घनफूट, आणि ती दीड घनफूट हवा हाच त्या वूफरचा अर्धा भाग. मिस्त्रींकडून फक्त सुटलेला कोपरा चिकटवून घेतला.

अकोल्याच्या एका घरची जोडी मला अजून आठवते. उमेदीत होतो. खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटणाऱ्या क्रॉसओव्हरमधले सगळे जुने कंडेन्सर काढून महागडे पॉलिप्रॉपिलिनचे घातले. महिन्याभरात त्या घरच्या काकूंचा निरोप आला, गाणारीचा ‘स’ कानात टोचतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला स्वतःचा थोडा रोध असतो, आखणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असतो. माझ्या नव्या कंडेन्सरला तो जवळजवळ नव्हता, म्हणून वरचे सूर पुढे आले. ओहमच्या अंशाएवढे रेझिस्टर जोडले आणि टोचणं थांबलं. तेव्हापासून मी ठरवलं, की जे सडणारच होतं ते बदलायचं, आणि जे कुणी कान लावून ठरवलं होतं ते मोजल्याशिवाय हलवायचं नाही. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून डब्याच्या पाठीला बांधून देतो. पुढच्या हाताला माझं काम उलटवता आलं पाहिजे.

सेमाडोहच्या वूफरला दोन दिवस लागले. स्पिरिटने जुना डिंक पुसला, मधली टोपी पात्याने अलगद उचलली आणि कॉइलच्या भोवतीच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या सरकवल्या, म्हणजे डिंक सुकेपर्यंत कॉइल मधोमध राहते. त्याच जातीची सैल फोमची कड बसवली. पट्ट्या काढून दोन्ही हातांनी कोन आत-बाहेर हलवला. कुठे घासत नव्हता. डबा बंद केल्यावर कोन हळूच दाबून सोडला, तो सावकाश वर आला. टुणकन वर आला असता तर कुठून तरी हवा गळतेय असं समजायचं.

राहिली मागची दोन बटणं, मधल्या आणि वरच्या सुरांची. आतली तार हिरवी पडली होती, त्यामुळे वरचे सूर काढणारा ट्वीटर मध्येच मुका होई. बरेच जण ही बटणं काढून तिथे ठरीव रेझिस्टर डाक देऊन लावतात, ते टिकाऊही असतं. मीही तेच करणार होतो. मग डब्याच्या पाठीवर बटणाशेजारी पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. गुरुजींना फोन केला.

“दादानं मारली हाय ते,” ते म्हणाले. “त्याच्या पुढं-मागं आम्हाले हात लावू देत नव्हता.”

मग बटणं उघडली, तारेवरचा गंज बारीक घासून काढला, पुन्हा बसवली आणि त्या रेघेवर आणून ठेवली.

जोडी घेऊन गेलो तेव्हा पाऊस उघडला होता. गुरुजींनी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची तबकडी लावली. खंजिरीची थाप ही स्पीकरची खरी परीक्षा आहे. चामड्याचा धक्का वूफरकडे, झांजेची किणकिण ट्वीटरकडे, आणि दोन्ही एकाच बोटाखालून निघाल्यासारखं ऐकू आलं पाहिजे. आलं. गुरुजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

दुसरं भजन अर्ध्यावर असताना वीज गेली. अंधारात सिपनेचा आवाज आत आला. गुरुजी उठले, टॉर्च पेटवला आणि डब्यामागे वाकून रेघ बघू लागले.